अकोल्याचा उन्हाळा आणि माझा दहा वर्षांचा कॉम्प्युटर

६ एप्रिल २०२४, शनिवार. दुपारचे अडीच वाजले होते. एका लग्नाच्या व्हिडिओ पत्रिकेचं रेंडरिंग (म्हणजे कॉम्प्युटरकडून अंतिम व्हिडिओ तयार होणं) ७० टक्क्यांपर्यंत आलं होतं आणि कॉम्प्युटर खटकन बंद पडला. लाइट गेली म्हणावं तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. पुन्हा बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर ‘सीपीयू ओव्हर टेम्परेचर एरर’, म्हणजे प्रोसेसर फार तापलाय, अशी ओळ आली आणि पुढे जायला एफ१ दाबा म्हणून सांगितलं. दाबलं. विंडोज सुरू झालं. रेंडरिंग परत लावलं, दहा मिनिटांत पुन्हा अंधार.

मी अकोल्यात घरूनच डीटीपीचं काम करते. पत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपत्रकं, आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या व्हिडिओ पत्रिका. कॉम्प्युटर २०१४ च्या दिवाळीत घेतलेला: इंटेलचा आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. मधे एकदा एसएसडी (फायली साठवायची वेगवान डिस्क) टाकली, बाकी सगळं तेच. “नवीन घे ना” असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर (परवान्यासाठी कॉम्प्युटरला खोचून ठेवायच्या किल्लीवर) चालतं, ग्राहकांच्या दहा वर्षांच्या फायली त्याच फाँटमध्ये आहेत, आणि नव्या मशीनवर ते सगळं जसंच्या तसं चालेल याची हमी मला कोणी देत नव्हतं. त्यामुळे हा कॉम्प्युटर वाचवणं माझ्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न होता. त्या दुपारी हात थरथरत होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सगळ्यात आधी फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. रात्री अकरानंतर, खोली जरा निवाल्यावर. तुमचं मशीन असं अचानक बंद पडायला लागलं तर पहिलं काम हेच करा. स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

दुसऱ्या दिवशी पुण्याला शिकणाऱ्या मुलाला फोन लावला. त्याने कोअर टेम्प नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. त्यात प्रोसेसरच्या चारही कोअरचं तापमान वेगवेगळं दिसतं, आणि ‘टीजेमॅक्स’ म्हणून एक आकडा असतो. माझ्या प्रोसेसरचा तो १०० अंश. तिथवर पोचलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तरी ताप आवरला नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे गेला महिनाभर “कॉम्प्युटर हळू झालाय, विंडोज परत टाकावं लागेल” असं जे मला वाटत होतं, ते विंडोजमुळे नव्हतंच. नुसतं बसून असताना ६१ आणि रेंडरिंगला ९९.

मी आकडे घाबऱ्याघुबऱ्या सांगत होते. मुलगा म्हणाला, “आई, थांब. आधी खोलीचं टेम्परेचर सांग.”

खोलीत ३५ होतं. भिंतीवरच्या घड्याळात दिसतं.

“मग नेहमी खोलीचं वजा करून लिही. ९९ वजा ३५, म्हणजे ६४. हा ६४ कमी करायचाय आपल्याला.”

या एका वाक्याने पुढचे दोन महिने मला सांभाळलं. इंटरनेटवर लोक सांगतात की प्रोसेसर रिकामा असताना ३५-४० अंश असावा. ते त्यांच्याकडे खरं असेल. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ४० ला टेकते. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. फरक बघायचा. ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर मी चार रकाने आखले: तारीख, खोली, रिकामं असताना, रेंडरिंगला. फरक बाजूला लाल पेनाने. आणि एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशाने किती उतरलं ते कळतं.

गुढीपाडवा झाल्यावर, १० एप्रिलला, कॅबिनेट अंगणात नेऊन उघडलं. आमच्या घरापासून जवळच जिनिंग (कपाशीतून सरकी काढायचा कारखाना) आहे. हंगामात कपाशीची रुई हवेत उडत असते, ती दिसत नाही पण ओट्यावर, पडद्यांवर बसते. कॅबिनेटमध्ये वरवर थोडीच धूळ होती. म्हणून मला वाटलं, ठीक आहे की. मग टॉर्च लावून प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमधून खाली पाहिलं. पंखा आणि खालची अ‍ॅल्युमिनियमची हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा ठोकळा) यांच्यामध्ये रुईचा चांगला जाड थर बसला होता, जुन्या गादीतल्या कापसासारखा घट्ट. पंखा जोरात फिरत होता, पण हवा खाली पोचतच नव्हती. तुम्ही बघाल तेव्हा पंखा फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका, त्याच्या खाली बघा.

शेजाऱ्यांकडून ब्लोअर आणला. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. नाकाला रुमाल. घट्ट बसलेली रुई ब्लोअरने निघाली नाही, ती रंगाच्या जुन्या ब्रशने आणि चिमट्याने काढावी लागली. दीड तास गेला. रात्रीची नोंद: खोली ३६, रिकामं असताना ५२, रेंडरिंगला ९३. फरक ६४ वरून ५७.

कमी झाला, पण पुरेसा नाही. मुलाच्या मते आता पेस्ट बदलायला हवी होती. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. ती वर्षानुवर्षं तापून वाळते, भेगाळते, आणि तिथे हवा शिरते. पण हीटसिंक उचलायचं धैर्य मला होईना. म्हणून १२ तारखेला, शुक्रवारी, मशीन दुरुस्तीच्या एका दुकानात नेलं.

तिथे जॉबशीट भरली. नाव, फोन, मशीनचं वर्णन, तक्रार, आणि खाली बारीक अक्षरात ‘डेटाची जबाबदारी दुकानाची नाही’. सही केली. तपासणीचे ३०० रुपये आधीच द्यावे लागले. १४ ला आंबेडकर जयंती, रविवारही. १५ ला फोन आला: बोर्ड जुना झालाय, ३२ हजारांत नवीन सेट बसवून देऊ. मी म्हटलं, फक्त पेस्ट बदला. १७ ला रामनवमी. १८ तारखेला मशीन हाती आलं, आणखी ६०० रुपये देऊन. सहा दिवस गेले. तोवर मी एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर कशीबशी पत्रिका पूर्ण करून दिली. जॉबशीटवर ‘नवीन पेस्ट’ एवढंच लिहिलेलं होतं, कोणती, ते नाही. तुम्ही देत असाल तर दोन गोष्टी करा: डोंगल आणि शक्य असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा, आणि नेण्याआधी व आणल्यावर तापमानाचा फोटो काढा.

मी तो काढला होता, म्हणून लगेच कळलं. खोली ३८, रिकामं असताना ७४. रेंडरिंग लावल्यावर मिनिटभरात १००. आधीपेक्षा वाईट!

दुकानात फोन केला. बिलावर सात दिवसांची सेवा-हमी होती, पण मशीन पुन्हा तीन-चार दिवस ठेवावं लागेल म्हणाले. त्या क्षणी मला रडू आलं. मग वाटलं, पेस्ट बदलून एवढं बिघडू शकतं, तर उघडून बघितल्याने आणखी काय बिघडणार आहे.

१९ ला सकाळी वायर काढली, पॉवरचं बटण दोनदा दाबून आतली उरलीसुरली वीज घालवली, कॅबिनेटच्या धातूला हात लावला (आमच्याकडे कोरड्या उन्हाळ्यात अंगात स्थिर वीज साठते, सिंथेटिक कपडे तर मुळीच घालू नका) आणि हीटसिंकला हळूच बोट लावलं. ती हलली. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पुश-पिना असतात. त्या मदरबोर्डच्या भोकांतून पलीकडे जाऊन फुलाव्या लागतात. माझ्या मशीनची एक पिन नुसती भोकात टेकलेली होती. एक कोपरा वर, म्हणजे हीटसिंक प्रोसेसरवर तिरपी. नवी पेस्ट काय करणार बिचारी.

ती पिन बसवायला गेले आणि दहा वर्षं तापलेलं प्लास्टिक काटकन तुटलं.

आमच्या भागात एक वयस्कर दादा आहेत, टीव्ही, रेडिओ, कॉम्प्युटर सगळं दुरुस्त करतात. फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. चष्मा वर करून बघत ते म्हणाले, “ताई, तीन पायांवर खाट उभी राहीन, पण झोपणाऱ्याले समजते ना!” त्यांनी भंगारातल्या दोन कूलरांच्या पिना काढून दिल्या, ५० रुपयांत. आणि पिना कशा लावायच्या ते तिथल्याच एका मेलेल्या बोर्डावर माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

ते असं: पिनेच्या डोक्यावर बाण असतो. काढायची असेल तर बाणाच्या दिशेने पाव वळसा देऊन वर ओढायची. लावायची असेल तर आधी बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणायची, मग सरळ खाली दाबायची, टक् आवाज येईपर्यंत. समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबायच्या, एका बाजूच्या दोन्ही एकदम नाही. शेवटी टॉर्च घेऊन मदरबोर्डच्या मागच्या बाजूने चारही पांढरी टोकं काळ्या पिनेने फुललेली दिसतात का ते बघायचं. एवढ्या दोन मिनिटांच्या तपासणीने माझे सहा दिवस वाचले असते.

पेस्टची ट्यूब ३४९ रुपयांना मिळाली, आयसोप्रोपिल अल्कोहोल १६० ला. हीटसिंक काढण्याआधी मशीन पाच मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग बंद करून, वायर काढून, किंचित डावी-उजवीकडे फिरवत उचलली. दुकानातल्या पोराने पेस्ट एवढी भरली होती की ती प्रोसेसरच्या चारही बाजूंनी ओघळून खाली आली होती. कॉफीचे कागदी फिल्टर आमच्याकडे कुठले, जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्याने अल्कोहोल लावून दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे पुसले. नव्या पेस्टचा तुरीच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवला. पसरवायचा नाही, हीटसिंकच्या दाबाने तो आपोआप पसरतो.

२० एप्रिल: खोली ३८, रिकामं असताना ४९, रेंडरिंगला ८७. फरक ४९. बारा मिनिटांचं रेंडरिंग पहिल्यांदाच न अडता पूर्ण झालं. पडद्यासमोरून मी हलले नाही.

इथे थांबले असते तरी चाललं असतं का? वहीने उत्तर दिलं. मे अखेरीस आमची खोली ४१ पर्यंत जाते. ४१ अधिक ४९, म्हणजे ९०. बंद पडणार नाही, पण रोज सात-आठ तास ९० वर काम करायचं, तेही भंगारातल्या पिनांवर आणि आता घरघर करणाऱ्या पंख्यावर. मला ते पटलं नाही. तिप्पट मोठा पृष्ठभाग असलेला, तांब्याच्या नळ्यांचा टॉवर कूलर घ्यायचं ठरवलं. (विदर्भात कूलर म्हटलं की वाळ्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो, हा वेगळा.)

त्याच दिवशी ऑनलाइन मागवला, १,३४९ रुपये. २४ ला आला. डबा उघडल्यावर कळलं की तो माझ्या सॉकेटला (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेला) बसत नाही. माझं सॉकेट एलजीए ११५०. त्याची भोकं एकमेकांपासून ७५ मिलिमीटरवर असतात. हेच अंतर ११५५, ११५१ आणि १२०० ला आहे, पण नव्या १७०० ला ते ७८ आहे. माझ्या डब्यात १७०० आणि एएमडीच्याच पट्ट्या होत्या. मी वर्णनात ‘इंटेल’ एवढंच वाचून घेतला होता. घेताना आपला सॉकेट नंबर यादीत शब्दशः आहे का ते बघा. आणि बाजूचं झाकण काढून मदरबोर्डपासून झाकणापर्यंतची उंची पट्टीने मोजा. टॉवर कूलर उंच असतात, अरुंद कॅबिनेटचं झाकण लागत नाही.

परत पाठवायचं तर कारण निवडायचं, चार फोटो चढवायचे, डब्याचा सिरियल नंबर द्यायचा. न्यायला येणारा २६ ला येणार होता, पण त्या दिवशी अकोल्यात लोकसभेचं मतदान. तो २७ ला आला. पैसे ४ मेला खात्यात जमा झाले. दरम्यान दुसरा कूलर मागवला, १,५९९ रुपये, ९२ मिलिमीटरचा पंखा, मदरबोर्डच्या मागे लावायच्या धातूच्या पट्टीसह. तो २ मेला पोचला. मधल्या काळात मी रेंडरिंग पहाटे चारला लावत होते. पहाटे खोली ३१ असते, आणि सात अंशांचा फुकटचा फायदा कोण सोडेल!

३ मे, शुक्रवार. मागची पट्टी लावायची तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढावा लागतो, आणि हाच मला सगळ्यात भीतीचा भाग होता. पॉवर बटणाच्या, रीसेटच्या, दिव्यांच्या त्या बारीक वायरी कुठे लागतात याचे सहा फोटो काढले आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं. सहा स्क्रू निघाले, ते औषधाच्या रिकाम्या डबीत. यजमान टॉर्च धरून उभे होते, मुलगा व्हिडिओ कॉलवर. बोर्ड टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला, पट्टी बसवली, पेस्ट लावली, कूलरचे चारही स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळले. पंख्याची चार-पिनी वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावायची. ती दुसरीकडे लावली तर बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरला) पंखा दिसत नाही.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

त्या वीस मिनिटांचं वर्णन मला करता येणार नाही. रॅम काढून घातली, केबल बदलली. मुलगा शांतपणे फोटो बघत होता. शेवटी तो म्हणाला, “आई, वरच्या डाव्या कोपऱ्यात चार भोकांचं एक कनेक्टर होतं, ते लावलंस?” नव्हतं लावलं. मोठं २४ पिनांचं लावलं होतं, पण प्रोसेसरला वीज देणारं छोटं चार पिनांचं कनेक्टर नव्या कूलरच्या मागे लपून राहिलं होतं. ते नसलं की पंखे फिरतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. लावलं, आणि विंडोज आलं. आम्ही तिघंही काही बोललो नाही. यजमान चहा करायला आत गेले.

त्या रात्री: खोली ३८, रिकामं असताना ४५, रेंडरिंगला ७३. फरक ३५.

पुढचे बदल छोटे होते, पण त्यांनीही भर घातली. माझं कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात होतं, तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. म्हणजे मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत होतं. ते बाहेर काढून वीटभर उंच पाटावर ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब. एवढ्यानेच तीन अंश उतरले, बिनखर्चात. मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा लावला, ३८० रुपये, हवा बाहेर फेकणारा. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो. नसला तर लक्षात ठेवा, ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. बोर्डवर जागा उरली नव्हती, म्हणून त्याला एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मोठ्या चार-पिनी कनेक्टरवरून वीज दिली.

वाळ्याच्या कूलरचा झोत थेट उघड्या कॅबिनेटवर सोडायचा मोह मलाही झाला होता. सोडू नका. ओलसर हवेत रुई चिकटते आणि मग ती ब्रशनेही निघत नाही. झाकण काढून ठेवण्याचंही तेच, चार-पाच अंश उतरतात खरे, पण आमच्यासारख्या ठिकाणी महिन्याभरात आत कापूस साठतो.

आणखी एक कोडं होतं. दर वेळी लाइट गेली की बायोसमध्ये पंख्याचा वेग मी ठरवलेला राहत नसे, तारीखही मागे जाई, मग जीएसटीचं पोर्टल उघडेना. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, सीआर२०३२, ४० रुपये. दहा वर्षांत मी तो कधी बदललाच नव्हता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला, उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं. त्या आठवड्यापुरतं मी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ८५ टक्के केली. अकरा मिनिटांचं रेंडरिंग तेरा मिनिटांवर गेलं, तापमान सहा अंशांनी उतरलं. २६ मेची नोंद: खोली ४१, रेंडरिंगला ६७.

सगळा खर्च ३,४७८ रुपये झाला, त्यातले ९०० दुकानाचे. पाऊस आल्यावर मर्यादा परत १०० केली. समोरच्या जाळीला मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावला आहे, दर रविवारी तो झटकते. नोव्हेंबरात जिनिंग सुरू झालं तेव्हा तीन आठवड्यांत त्यावर बोटाएवढी रुई बसली होती, आणि वहीतला फरक ३२ वरून ३६ झाला होता. तुकडा धुतला, वाळवून लावला, पुन्हा ३२.